पणजीत समुपदेशक शोधतेय: फोटोखालची ही सगळी अक्षरं वाचायची कशी?

सुरंगी

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

प्रश्न धाकट्या भावासाठी आहे. वय २८. हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर लागला होता. गेल्या दिवाळीच्या सुमारास कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आला, तो परत जायचं नाव काढत नाही. एजंटाचे फोन उचलत नाही. दुपारी बारापर्यंत झोप, रात्री दोन-तीनपर्यंत मोबाइल. ताटात अर्धं जेवण तसंच. चवथीला आरतीत घुमट वाजवायला सगळ्यात पुढे असणारा मुलगा, यंदा शिमग्याला मांडावर फिरकला नाही. आईच्या मते दिष्ट लागली. देवळात प्रसाद लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. बाबांच्या मते नुसता आळस, कुठेतरी कामाला चिकटवा.

गेल्या आठवड्यात मात्र तो आपणहून म्हणाला, "कोणाशी तरी बोलून बघूया." त्या 'बघूया'चं काय ते लवकर करायला हवं, नाहीतर तेही बारगळेल.

पणजीतल्या एका समुपदेशन केंद्राच्या साइटवर सहा जणांचे फोटो आहेत. एकीखाली 'सीबीटी, ॲक्ट'. एकाखाली 'सायकोडायनॅमिक'. एक 'पर्सन-सेंटर्ड, ट्रॉमा-इन्फॉर्म्ड'. एक ईएमडीआर. एक 'इक्लेक्टिक'. एक आर्ट थेरपी. सगळेच हसरे, सगळेच समजूतदार दिसतात. मी बँकेत आहे हो, कर्जाचे प्रकार झोपेत सांगेन. यातला एक निवडायचा कसा? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

फोंडेकर

आधी रक्त तपासून घ्या. थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, साखर. जहाजावरून आलेल्यांची झोपेची घडी तशीही विस्कटलेली असते. नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, मग पुढचं बघा. समुपदेशक नको असं म्हणत नाही, दोन्ही करा.

आगशीचं_वांगं

माझं मत कडू लागेल, पण लिहितो. तासाला दीड हजार रुपये मोजून कोणाशी तरी गप्पा मारायच्या, हे मला झेपत नाही. पूर्वी घरात काका, मामा असायचे, तिठ्यावर दोस्त असायचे. माणूस चार शिव्या खाऊन, दोन भजी खाऊन मोकळा व्हायचा. आता त्याच गप्पांना इंग्रजी अक्षरं लावली की ती थेरपी. भावाला माझ्याकडे पाठवा, कुळागरात शिंपणाला माणूस हवाच आहे. (अर्धी गंमत, अर्धं खरं.)

तांबडी_भाजी

वांगेबाब, जूनमध्ये कुळागरात शिंपण? पाऊस कमी पडतोय का आगशीला? 😄

शेवंती

नमस्कार सुरंगी. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि गोव्यातच काम करते. म्हणूनच इथे नावगाव सांगणार नाही, कुठल्या केंद्राची शिफारसही करणार नाही. भावाला काय झालंय हे धाग्यावर ठरवू नये, तेव्हा त्यातही पडत नाही. तुमचा प्रश्न अक्षरांचा आहे. बंद दारामागे काय चालतं ते लिहिते, म्हणजे अंदाज येईल.

सीबीटीवाल्या बाईंकडे गेलात तर हातात कागद येईल. विचार, भावना आणि वागणं एकमेकांना ओढतात, हा तिचा पाया. ॲरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात ही पद्धत उभी केली. त्याच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमाराला आल्बर्ट एलिसने तशाच वाटेची आरईबीटी मांडली. कि. मो. फडक्यांमुळे ती मराठी वाचकांना 'विवेकनिष्ठ' या नावाने ओळखीची आहे. समजा तुमचा भाऊ म्हणाला, "फोन उचलला तर एजंट माझा पाणउतारा करणार." ती बाई विचारेल: याआधी फोन उचललास तेव्हा काय झालं? पाणउतारा केलाच तर पुढे काय? मग एक फोन करून बघायचा, आधी काय वाटत होतं आणि नंतर काय वाटलं ते लिहायचं. घरी करायचा अभ्यास असतो. ज्याला शाळेत गृहपाठाचा वैताग होता त्याला इथेही येतो.

ॲक्ट तिच्याच भावकीतली. फरक असा की तिथे विचाराशी वाद घालत बसत नाहीत. "मी निकामी आहे" हा विचार आला तर येऊ दे, तो डोक्यात असतानाच तुला जे महत्त्वाचं वाटतं त्या दिशेने एक पाऊल टाक, असा तिचा सूर.

सायकोडायनॅमिक म्हणजे फ्रॉइडच्या घराण्यातली. समोरचा कमी बोलतो. आज जे घडतंय त्याचे धागे जुन्या नात्यांत कुठे अडकलेत ते हळूहळू सुटं करायचं. यात महिने जातात, कधी वर्षं. "मला पुढच्या महिन्यात बोटीवर चढायचं की नाही ते सांगा" म्हणणाऱ्याला इथे चुळबुळ होते. आणि तीच ती भांडणं, तसेच ते जोडीदार, असं ज्याचं वर्षानुवर्षं चाललंय त्याला हीच पद्धत लागू पडलेली मी पाहिली आहे.

पर्सन-सेंटर्ड ही कार्ल रॉजर्सची. सल्ला नाही, उपदेश नाही. ऐकणारा तुम्हाला तोलत नाही आणि मनापासून ऐकतो, एवढ्यानेच माणूस स्वतःची वाट शोधू लागतो असं रॉजर्सचं म्हणणं. ऐकायला सोपं वाटतं, करायला सगळ्यात अवघड. आपल्याकडे तर समोरच्याने वाक्य पुरं करायच्या आत उपाय सांगायची सवय!

'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' ही वेगळी उपचारपद्धत नव्हे, काम करायची रीत आहे. माणसावर पूर्वी काही आघात झाला असेल हे धरून चालायचं, बोल-बोल म्हणून मागे लागायचं नाही, खुर्ची कुठे ठेवायची इथपासून त्याला विचारायचं. ईएमडीआर मात्र वेगळी पद्धत. फ्रान्सिन शापिरोने १९८७ मध्ये सुरू केली. जुनी भयानक आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटाबरोबर डोळे डावीकडून उजवीकडे फिरवायचे. बघणाऱ्याला भगताचा प्रकार वाटेल, पण आघातानंतरच्या त्रासासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत तिची शिफारस केली आहे. डोळे फिरवण्यानेच गुण येतो की आठवणीला पुन्हा सामोरं जाण्याने, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत.

राहिला 'इक्लेक्टिक', म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं. वीस वर्षं काम केलेल्याने हा शब्द लिहिला असेल तर त्याला अर्थ आहे. कालपरवा पदवी घेतलेल्याने लिहिला असेल तर अजून ठरायचं आहे असं समजा.

आता मुख्य मुद्दा. काही त्रासांत अक्षरं बघायलाच हवीत. पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलपं तपासणं अशा ओसीडीला ईआरपी लागते, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि तो विधी करायचा नाही. तिथे नुसतं प्रेमळ ऐकून घेतलं तर आजार हलत नाही. स्वतःला इजा करून घेण्याची सवय असेल तर मार्शा लिनेहान यांची डीबीटी (अनावर भावना सांभाळायला शिकवणारी पद्धत) शिकलेलं कोणी बघावं. पण उदासी, गोंधळ, नोकरीतला धक्का, शोक यांत पद्धतींमधला फरक आपल्याला वाटतो त्याहून कमी असतो. सॉल रोझेन्झ्वाइग याने १९३६ मध्येच लिहून ठेवलंय की या साऱ्या पद्धतींमध्ये जे समान आहे त्यानेच बराचसा गुण येत असावा. त्या समान गोष्टींतली मोठी गोष्ट म्हणजे समोर बसलेल्या माणसावर तुमच्या भावाचा विश्वास बसतो का.

सुरंगी

शेवंती, खूप खूप आभार. एवढं तर त्या साइटवरही नव्हतं. एक विचारू? मीच आधी एकदा जाऊन सगळी हकिगत सांगून येऊ का? तो धड बोलणार नाही, मग पहिला तास फुकट जायचा.

शेवंती

नको. तो २८ वर्षांचा आहे. अपॉइंटमेंटचा मेसेजसुद्धा त्यानेच करू दे, तुम्ही फार तर नंबर द्या. बहीण आधी येऊन सगळं सांगून गेली हे त्याला कळलं की त्याच्या दृष्टीने ती खोली तुमच्या घराचीच एक खोली होते.

आणि तो तिथे काय बोलला ते तुम्हाला कोणी सांगणार नाही, तेही आत्ताच मनाशी धरा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. जिवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी, आणि हे चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत सांगतो. तुम्हाला स्वतःला या सगळ्याचा ताण झाला असेल तर स्वतःसाठी जा, पण दुसऱ्याकडे.

पाटो_पूल

मी गेलोय, म्हणून लिहितो. घटस्फोटानंतरची गोष्ट.

पहिल्या ठिकाणी (नाव विचारू नका) समोरचे गृहस्थ मध्येच फोन घ्यायचे. "हां, बोला बोला" म्हणत माझ्याकडे बघून हाताने थांब म्हणायचे. त्यांच्या मागे भिंतीवर सात-आठ प्रमाणपत्रं. एकदा म्हणाले, "माझ्या ओळखीत एक स्थळ आहे." मी तिथून उठलो तो परत गेलो नाही. वर्षभर मला वाटत होतं की थेरपी म्हणजे हेच.

दुसऱ्या बाई मित्राने सुचवल्या. त्यांनी भेटीआधी पंधरा मिनिटं फोनवर दिली, पैसे न घेता. बरेच जण देतात, मागायला लाजू नका. मी त्यांची उलटतपासणीच घेतली: शिक्षण काय, माझ्यासारखे किती जण पाहिलेत, तुम्ही स्वतः कोणा ज्येष्ठाकडे केसची चर्चा करता का, मला बरं वाटतंय की नाही हे आपण कशावरून ठरवायचं, ऐन वेळी रद्द केलं तर पैसे कापता का. त्या चिडल्या नाहीत. "कशावरून ठरवायचं" यावर तर म्हणाल्या की ते पहिल्या भेटीत दोघांनी मिळून लिहून काढू. माझ्यासाठी तिथेच निवड झाली. त्या कुठल्या पद्धतीच्या हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

भाषेचंही विचारा. भावाचं शिक्षण कुठल्या माध्यमातून?

सुरंगी

चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, पुढे इंग्रजी. घरी कोकणी. चिडला की कोकणी, देवाला मराठी, आणि "कसा आहेस" विचारलं की "आयॅम फाइन".

पाटो_पूल

मग इंग्रजीत त्याला बोलायला लावू नका, तो तास 'फाइन'वरच संपेल. 🙂 फोनवर आधीच विचारून घ्या, कोकणी-मराठी चालते का. पणजीतल्या बऱ्याच जणांना कळते, पण सगळ्यांना सहज बोलता येत नाही.

आगशीचं_वांगं

शेवंतीबाय, तुम्ही छान समजावलंत. तरी माझा प्रश्न तसाच आहे. गप्पांनी फरक पडतो याला पुरावा काय? तोही आपल्या माणसांवरचा, अमेरिकेतला नको.

शेवंती

वांगेबाब, पुरावा तुमच्या घरापासून फार लांब नाही. संगात ही संस्था १९९६ पासून गोव्यात काम करते. तिने आणि विक्रम पटेल यांच्या चमूने इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर एक साधी बोलण्याची उपचारपद्धत तपासली. सहा ते आठ भेटी, आणि देणारे कोण, तर मानसशास्त्राची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली इथलीच माणसं. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर या भेटी मिळाल्या त्यांच्यातले जास्त जण तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली छापून आलं. त्याच अंकात पुरुषांच्या घातक दारूपानावरच्या समुपदेशनाचाही अभ्यास आहे, तिथे तर जास्तीत जास्त चार भेटी.

त्या नैराश्याच्या पद्धतीचा गाभा 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन'. उदास माणूस म्हणतो, बरं वाटलं की बाहेर पडेन. इथे उलटं चालतात: आधी पाय बाहेर काढ, वाटायचं ते मागून वाटेल. पहिल्या आठवड्यात फक्त नोंद. वहीत तासागणिक काय केलं आणि मन दहापैकी किती, एवढंच. म्हणजे काहीसं असं दिसतं:

सकाळी ११, अंथरुणात, मोबाइल: २
दुपारी १, जेवलो, बाबा बोलले: १
दुपारी ४, स्कूटर धुतली: ४
सायंकाळी ७, खोलीत: २
रात्री ९, आईला तिसऱ्या (शिंपल्या) सोलून दिल्या: ५
रात्री २, मोबाइल: १

समुपदेशक ही वही घेऊन बसतो. स्कूटरला चार का? तिसऱ्यांना पाच का? माणूस म्हणतो, "उगाच." मग पुढच्या आठवड्यात तसली आणखी एक गोष्ट, वेळ ठरवून, इच्छा असो नसो. एखाद्या आठवड्यात जमत नाही, तेव्हा कुठे अडलं ते बघायचं. यात भजीही बसतात आणि तिठाही बसतो. तुमच्या काका-मामांच्या पद्धतीत जे चांगलं होतं ते यात आहे, शिव्या तेवढ्या वगळल्या आहेत. (वही मी रचलेली आहे, कोणा रुग्णाची नाही.)

आगशीचं_वांगं

बरं. वाचलं. तिसऱ्यांचं पटलं.

डिचोलीचा_दिवा

पाट्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नोंदणी क्रमांक विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. 'समुपदेशक', 'थेरपिस्ट' या पाट्यांचं मात्र अजून तेवढं बांधून झालेलं नाही. २०२१ च्या कायद्याने त्यांनाही चौकटीत घेतलंय, पण प्रत्यक्षात सगळीकडे ते उतरायचंय. म्हणून मानसशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण आहे का, कुठे किती काळ कोणाच्या हाताखाली काम केलं, हे विचारायचं.

हे गोव्यात जास्त महत्त्वाचं आहे. आपल्या किनारपट्टीवर शॅकगणिक एक 'हीलर' आहे. पूर्वजन्म, स्फटिक, आतलं लहान मूल, सगळं एका वीकेंडच्या प्रमाणपत्रावर. डोकं शांत असलेल्याने हौस म्हणून केलं तर करो बापडा. पण खचलेल्या माणसाला तिथे नेऊ नये.

अवांतर: या विषयात आपला माणूस सगळ्यांच्या आधी होता. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्या बाईवर हात पसरून उभा असलेला पुतळा रोज बघतो आपण. आबे फारिया, १७५६ चा कांदोळीचा जन्म. पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करायचे. त्या काळी मेस्मर या डॉक्टरचे चेले म्हणायचे की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून कसलं तरी चुंबकीय द्रव वाहतं. फारियांनी ते उडवून लावलं: शक्ती माझ्यात काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. १८१९ मध्ये पुस्तक आलं आणि त्याच वर्षी गेले. प्रवचनाला उभं राहून गडबडलेल्या पोराला धीर द्यायला बापाने म्हटलेलं "कातर रे भाजी" तेवढं आपल्या पाठ्यपुस्तकी डोक्यात राहिलं.

तांबडी_भाजी

"कातर रे भाजी" माझ्या आयडीला लागू होतं, आभार.

मला दुसरंच बोलायचंय. गोवा एवढंसं. त्या केंद्राच्या जिन्यात शेजारीण भेटली तर? समुपदेशकाची बहीण आपल्या वहिनीच्या वर्गात निघाली तर? इथे दोन वाक्यांत नातं लागतं. माझी मैत्रीण म्हापशाची असून मडगावला जायची, नुसती ओळख टाळायला. जाऊन-येऊन अख्खा दिवस जायचा.

शेवंती

खरं आहे, आणि आम्हालाही ते रोज सांभाळावं लागतं. माझा नियम पहिल्याच भेटीत सांगते: बाजारात, लग्नात, जत्रेत भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही हाक मारलीत तर साधं बोलेन, कुठून ओळख ते सांगणार नाही. जवळचं नातं लागत असेल तर मी ती केस घेतच नाही, दुसऱ्याचं नाव देते. तुमच्या मनात असलेल्या माणसाला हा नियम विचारून बघा. उत्तर पटकन आलं तर त्याने याचा विचार केलेला आहे.

ऑनलाइनचा पर्याय आहेच. फक्त घरात दार लावून बोलायला जागा हवी. आमचा एक जण गाडीत बसून बोलायचा, काचा वर करून.

खाजें_आणि_चणे

आईवर कोणी चिडू नका. माझी सासू अजून मिरच्या-मीठ ओवाळते. आम्ही म्हटलं, तुम्ही ओवाळा, आम्ही डॉक्टरकडेही नेतो. तिला बरं वाटलं, आमचं काम झालं. देवळातल्या प्रसादाने कोणाचं नुकसान होत नाही. औषध बंद करा असं कोणी घाडी सांगू लागला की मात्र तिथे रेघ मारायची.

सुरंगी, एक स्पष्ट विचारते, राग मानू नको. दारूचं काय? बोटीवरून आलेल्यांत आमच्या वाड्यावर दोन पाहिलेत. आणि जिवाचं काही बोलतो का?

सुरंगी

राग कसला ताई. दारू घरी तरी दिसत नाही, बाहेर जातच नाही तो. दुसऱ्याचं माहीत नाही. विचारायची भीती वाटते. विचारलं आणि तेच त्याच्या डोक्यात बसलं तर?

शेवंती

विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, यावर अभ्यास झालेले आहेत. उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. आडून नको. "जगणं नको असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" इतकं सरळ. "तसलं काही नाही ना तुझ्या मनात?" असं विचारलंत तर तो "नाही" म्हणणार, कारण प्रश्नातच उत्तर आहे.

"हो" म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका आणि समुपदेशकाच्या तारखेची वाट बघू नका. बांबोळीला आयपीएचबी म्हणजे मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळच. रात्री-अपरात्री असेल तर गोमेकॉच्या आपत्कालीन विभागात न्या. टेली-मानस, १४४१६, केंद्र सरकारची फुकट सेवा, दिवसरात्र. भाषा निवडता येते.

फोंडेकर

आयपीएचबीबद्दल भर घालतो. आमच्या लहानपणी "आल्तिनोवर पाठवीन" ही धमकी होती, तेव्हा ते इस्पितळ तिथे होतं. त्याआधी नाव आबे फारियांचंच. अजून घरोघरी तीच भीती आहे, म्हणून लोक आधी खासगीत पैसे घालवतात. मी मेहुण्याला घेऊन ओपीडीत गेलोय. गर्दी असते, थांबावं लागतं, सकाळी लवकर जा. पण डॉक्टर बघतात, गरज वाटली तर तिथलेच सायकॉलॉजिस्ट बोलतात. तिथे गेलं म्हणजे भरती करतात हा गैरसमज आहे.

संपादक मंडळ

वरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. एकात समुपदेशकाचं नाव आणि फोन नंबर होता, दुसऱ्यात धागाकर्तीच्या भावाच्या आजाराचं निदान. दोन्ही टाळावे.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते.

काल रात्री विचारलं. शेवंतींनी लिहिलं तसंच, शब्द न बदलता. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, जीव द्यायचा विचार नाही, पण सकाळी उठूच नये असं वाटतं बऱ्याचदा. मग तासभर बोलत होता. बोटीवर एका सहकाऱ्याचं काहीतरी झालं होतं, एवढं कळलं. पुढचं मी विचारलं नाही. इथेही लिहीत नाही.

रक्ताचे रिपोर्ट उद्या येतील. केंद्राला मेसेज त्यानेच केला. ईएमडीआरवाल्या बाई आणि त्या 'पर्सन-सेंटर्ड' अशा दोघींशी पंधरा-पंधरा मिनिटं बोलला, खोलीचं दार लावून. निवडली दुसरी. का, तर म्हणे तिला घुमट म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. मला ट्रॉमाचं ऐकून पहिली बरी वाटत होती, पण मध्ये बोलले नाही. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. शेवंती, हे ठीक आहे ना?

शेवंती

ठीक आहे. पुढे गरज लागली तर त्या स्वतःच ईएमडीआरकडे पाठवतील, एका केंद्रात असण्याचा तेवढा फायदा असतो. 'उठूच नये' हे वाक्य त्याने पहिल्या भेटीत त्यांना सांगायला हवं, एवढं त्याला आवर्जून सांगा. असे विचार महिनोन्महिने असतील तर मनोविकारतज्ज्ञाकडून एकदा तपासणी करून घेणंही योग्य. औषध लागेलच असं नाही, लागलं तर घाबरायचं कारण नाही.

पहिल्या भेटीत नुसत्या पावसापाण्याच्या गोष्टी करून आला तरी "काय झालं" म्हणून विचारू नका. तीन-चार भेटींनंतरही त्याला तिथे अवघडल्यासारखंच वाटत असेल तर ते त्याने बाईंनाच सांगावं. माणूस बदलायचा झाला तर तेही चालतं, आमच्यातल्या कोणाला त्याचा राग येऊ नये.

आगशीचं_वांगं

सुरंगीबाय, घुमट वाजवणारा हवाच आहे आमच्या आरतीला. चवथ लांब आहे अजून, घाई नाही. आमंत्रण देऊन ठेवतो.

पर्वरी_जंक्शन

धागा उशिरा वाचला. हे पैसे मेडिक्लेममधून मिळतात का? आमच्या एजंटाने "मानसिक काही बसत नाही" म्हणून सांगितलं.

डिचोलीचा_दिवा

एजंटाची माहिती जुनी आहे. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला हवं, आणि विमा नियामकाने तसे आदेश काढलेत. मेख वेगळीच आहे: बहुतेक पॉलिस्या इस्पितळात भरती झालात तरच पैसे देतात. समुपदेशनाच्या भेटी म्हणजे ओपीडी, त्यामुळे ओपीडीचं कलम वेगळं घेतलं असेल तरच मिळायची शक्यता. पॉलिसीत 'ओपीडी' शब्द शोधा. त्यात 'मानसोपचार' किंवा 'सायकियाट्रिस्ट' एवढंच लिहिलंय की सायकॉलॉजिस्टही, तेही बघा, पावती कोणाच्या नावाची चालते ते त्यावर ठरतं. पॉलिसीचं ते पान इथे टाकलंत (नाव-नंबर झाकून) तर बघून सांगतो.